अजगराच्या अंड्यांना ऊब

रोहिणखेडच्या शिवेवर सिंधूताईचं कोंबड्यांचं शेड होतं. पंचवीस वर्षं ती एक दिवसाची पिल्लं आणून वाढवत आली होती. थंडीत पिल्लं आली की बाकीचे लोक भिंतीवरचं थर्मामीटर बघत. सिंधूताई दाराबाहेर उभी राहून नुसता कान द्यायची. बारीक, टोचणारी किलबिल असली, तर पिल्लं गारठलीत आणि एकमेकांच्या अंगावर चढताहेत. सगळं गप्प असलं, तर उबेचा बल्ब फार खाली आलाय आणि पिल्लं चोची उघडून पडलीत. आणि आतून हलकी, समाधानाची कुजबुज आली की ती आत न जाताच माघारी फिरायची. तिचा नवरा पुंजाजी म्हणायचा, "ह्या बाईच्या कानातच काटा बसवला हाय."

म्हणून मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात लेकीचा फोन आला, तेव्हा तिला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते पुढचं ऐकून.

"आई, तुहा एखादा ब्रूडर मोकळा हाय का? तो पत्र्याच्या छत्रीचा?"

"हाय नं. कायले पाह्यजे?"

"अंडे उबवाले."

"कशाचे व?"

महामाया म्हणाली, "अजगराचे."

महामाया वनरक्षक होती. गावापासून दहा-बारा किलोमीटरवर, घाटाच्या पायथ्याशी, वनचौकीला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहायची. तिच्या हद्दीजवळच्या एका शेतात शेततळ्यासाठी जेसीबी चालला होता. बांधाच्या पोटात साळिंदराचं जुनं बीळ होतं, आणि त्या बिळात अजगराची मादी अंड्यांवर बसलेली. मशीनच्या दातानं बीळ फोडलं आणि मादीच्या पाठीवर वीतभर जखम केली. ड्रायव्हर भला माणूस. त्यानं मशीन तिथंच बंद करून चौकीला फोन लावला. बुलढाण्याहून पशुवैद्य डॉक्टर सुवर्णा खंडारे आल्या, त्यांनी चौदा टाके घातले. मादी जगेल म्हणाल्या, पण जखम भरेपर्यंत सोडायची नाही. अंडी नागपूरच्या वन्यजीव केंद्रात न्यावी तर साडेतीनशे किलोमीटरचे हादरे. बीळ तर उरलंच नव्हतं. वरिष्ठांनी परवानगी दिली : दोन्ही चौकीतच ठेवा.

सिंधूताईनं फोन ठेवला. अजगर तिला नवा नव्हता. चार वर्षांपूर्वी एक शेडात शिरला होता, दोन कोंबड्या गिळून तिसरीला विळखा घालून बसला होता. पुंजाजीनं कुऱ्हाड उचलली होती, आणि तेव्हा भरतीची तयारी करणारी महामाया मधे उभी राहिली होती. सिंधूताई त्या वेळी लेकीच्या बाजूनं बोलली नव्हती, नवऱ्याच्याही नाही. मेलेल्या कोंबड्या उचलत राहिली होती.

"जाऊन राह्यली का तू?" पुंजाजीनं विचारलं.

"अंडे हायेत," ती म्हणाली. तेवढंच कारण तिला पुरेसं वाटलं.

*

चौकीच्या मागं विभागाची बियाणं ठेवायची एक खोली होती. साग, सीताफळ, बिब्बा यांच्या बियांची पोती एका कडेला सरकवून जागा केलेली. एका लाकडी पेटीत मादी होती. वर जाळी. दुसऱ्या पेटीत ओलसर वाळूवर अंडी. डॉक्टरांनीच ती वेगळी ठेवायला सांगितली होती. विळखा घालताना टाके उसवतील, बिथरलेली मादी अंडी चिरडेल, अशी त्यांना भीती होती.

सिंधूताई आधी अंड्यांजवळ गेली. चोवीस होती. मुठीपेक्षा मोठी, पांढरी, एकमेकांना चिकटून ढीग झालेली. तिनं सवयीनं एकाला हात घातला.

"फिरवजो नको!" महामाया जवळजवळ ओरडलीच. "कोंबडीचं अंडं फिरवा लागते, याचं नाई. वरची बाजू वरच राह्यली पाह्यजे, नाई तर आतलं पिल्लू मरते."

सिंधूताईनं हात मागं घेतला, पण बोटांना जाणवायचं ते जाणवलं होतं. कवच कडक नव्हतंच. चामड्यासारखं, जरा दाबलं तर दबेल असं. तिनं महामायाकडून पेन्सिल मागून घेतली आणि प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर हलकी फुली मारली, म्हणजे चुकून हललं तर कळावं.

मग ती दुसऱ्या पेटीपाशी गेली. मादी कोपऱ्यात पडलेली होती, मांडीएवढी जाड, अंगावर वाळक्या पानांसारखे तपकिरी ठिपके. टाक्यांवर पिवळं मलम. डोळा उघडाच, कारण त्याला पापणी नसतेच, पण तो बघतोय की नाही ते कळत नव्हतं. सिंधूताईनं जाळीतून एक बोट घालून शेपटीकडे टेकवलं. गार. रात्रभर अंगणात राहिलेल्या कळशीसारखं गार.

"असल्या गार जनावरानं अंडे कसे उबवत असनं?" ती म्हणाली.

"ते रक्षण करते फक्त. ऊब मातीची असते," महामाया म्हणाली. तिच्या प्रशिक्षणात तिला तसंच सांगितलं होतं.

"मग आता माती आपणच."

डॉक्टरांनी एकतीस-बत्तीस डिग्री सांगितलं होतं. सिंधूताईनं पत्र्याची छत्री अंड्यांवर टांगली, दोनशेचा पिवळा बल्ब लावला, मनगटाची आतली बाजू धरून उंची कमीजास्त केली. थर्मामीटरनं बत्तीस दाखवले. चौकीतला वनमजूर कडूबा कौतुकानं म्हणाला, "ताई, तुमच्यासमोर मशीन बी फिकी."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पाहिलं, तर वरच्या थरातल्या पाच-सहा अंड्यांना खळगे पडले होते. दोन तर वाळल्या लिंबासारखी आत ओढली गेलेली.

ती पेटीशी उकिडवी बसली. चूक तिला लगेच कळली होती. कोंबडीच्या अंड्याचं कवच आतलं पाणी धरून ठेवतं. हे कातडं बल्बच्या झळीत पाणी सोडत होतं. ऊब बरोबर होती, पण ती वरून, कोरडी, भट्टीसारखी येत होती. पंचवीस वर्षांत तिच्या हातून अशी अंडी गेली नव्हती, आणि ही तर मोजकी होती.

"सगळं आपल्यावर घेऊ नको," महामाया हळूच म्हणाली. "मले बी माहीत नव्हतं."

"मले हात लावल्या लावल्या कळलं होतं," सिंधूताई म्हणाली. "तरी आपल्याच हेक्यात राह्यली."

बल्ब त्याच क्षणी निघाला. मग दोन दिवस त्या खोलीत एकच विचार चालला : ऊब कशाची द्यायची? कडूबानं कोळशाची शेगडी सुचवली; सिंधूताईनं ती खोलीत येऊच दिली नाही, धूर अंड्याच्या कातड्यातून आत जाईल म्हणाली. गरम पाण्याच्या रबरी पिशव्या लावून पाहिल्या. पहिल्या तासाला चौतीस, तिसऱ्या तासाला सत्तावीस. कॉइलच्या हीटरचं तिनं नावच काढू दिलं नाही. कडूबा हसत म्हणाला, "एखादी खुडूक कोंबडी आणून बसवा न मंग," आणि तिनं खरोखरच क्षणभर तो विचार केला.

शेवटी तिला पुंजाजीचा कमरेचा पट्टा आठवला. कंबर धरली की तो विजेवर गरम होणारा पट्टा बांधून पडायचा. ऊब मंद, आणि ठरावीक गरम झाला की आपोआप थांबणारा. तो मागवला. पेटीच्या तळाशी बाहेरून लावला, वर चार बोटं ओली वाळू, वाळूवर अंडी, आणि झाकणाखाली भिजवून पिळलेलं फडकं. रात्रभरात पाण्याचा दमटपणा आत भरला. सकाळी चार अंड्यांचे खळगे बुजले होते. ती दोन मात्र गेलीच. बाविसांची पेटी एकतीसवर स्थिर झाली, आणि सिंधूताई पहिल्यांदा पोटभर जेवली.

पाचव्या दिवशी दुपारी चारला गारपीट झाली.

*

आधी घाटाच्या अंगानं आभाळ काळंनिळं झालं, मग वारा आला, आणि मग लिंबाएवढ्या गारा. अर्ध्या तासात चौकीचं अंगण पांढरं झालं. रस्त्यावर दोन बाभळी आडव्या पडल्या, विजेचे खांब कलले. दिवे गेले, आणि ते आज येत नाहीत हे सांगायला कोणी लागत नव्हतं. फोनला रेंज नव्हती. डॉक्टरांना विचारायचं म्हटलं तर वाटच उरली नव्हती.

कमरेचा पट्टा थंड पडला. त्यांनी चूल पेटवायला घेतली तर लाकडं ओली. कशीबशी दोन पातेली पाणी तापवून पिशव्या भरल्या, पण खोलीच गार होत चालली होती. पेटीतलं थर्मामीटर तीस झालं, मग अठ्ठावीस, मग सव्वीस.

त्याच वेळी सिंधूताईच्या कानावर एक आवाज येत होता. खरखर, मग थांबायचं, मग पुन्हा खरखर. ती दुसऱ्या पेटीपाशी गेली. पाच दिवस मुडद्यासारखी पडलेली मादी हलत होती. फळीला नाक लावून ती वरून खाली, खालून वर घासत होती, आणि फक्त एकाच फळीला. ज्या बाजूला अंडी होती त्या. नाकावर रक्ताचा ठिपका आला होता.

सिंधूताई बघत राहिली. अंड्यांवर बसलेल्या खुडूक कोंबडीला टोपलीखालून काढलं की ती अशीच करते, हे तिनं किती वेळा पाहिलं होतं.

"माया," ती म्हणाली, "देऊन टाक तिले तिचे अंडे."

"डॉक्टरीण नाई म्हणाली हाय. टाके उसवले तर?"

"आणि अंडे गारठले तर?"

"आई, ते कोंबडी नाई! ऊब देत नाई ते. वरून बावीसच्या बावीस दाबून टाकले तर कोणाले जबाब देऊ मी?"

"मी कुठं म्हणून राह्यली ऊब देते म्हणून? मले बी माहीत नाई काय करते ते," सिंधूताई म्हणाली. "पण आपल्याजवळ आता काई नाई. तिच्याजवळ काई असनं तर पाहू."

महामाया गणवेशाच्या बाहीनं कपाळ पुसत उभी राहिली. तिची नोकरी तीन वर्षांची होती, आणि कागदावर सही तिची होती. तिनं पुन्हा एकदा थर्मामीटर पाहिलं. पंचवीस.

"कडूबाभाऊ, फळी आणा," ती म्हणाली.

त्यांनी मोठी पेटी घेतली, आतून गोणपाटाचे दोन थर लावले, तळाला वाळकी पानं. अंड्यांचा ढीग फळीवर तसाच्या तसा सरकवून उचलला. सिंधूताई सगळ्या फुल्या वर आहेत ना ते बघत मागं चालत होती. मग मादीची पेटी तोंडाला तोंड लावून ठेवली आणि मधली फळी उपसली.

ती लगेच आली नाही. आधी डोकं आलं, जीभ आत-बाहेर करत. पहिल्या अंड्याला जिभेचं टोक लागलं आणि ती थांबली. एकेक अंडं, जणू नाव विचारत असावी तशी, ती चाचपत गेली. मग तिचं सगळं अंग हळूहळू, पाण्यासारखं, पेटीत ओतलं गेलं. एक वेढा, दुसरा, तिसरा. अंडी दिसेनाशी झाली. वर डोकं ठेवून ती निजली, झाकणासारखी.

एकही अंडं फुटलं नव्हतं. चौदातला एक टाका सुटला होता, पण रक्त नव्हतं.

"चला आता बाहेर," सिंधूताई कुजबुजली. "अंधारच पाह्यजे तिले."

*

पहाटे फटफटताना ती एकटीच खोलीत आली. दाराच्या फटीतून राखाडी उजेड आत पडला होता. बाहेर गारांचे ढीग अजून वितळले नव्हते. तिनं जाळीतून वाकून पाहिलं.

मादी थरथरत होती.

सगळं अंग. एक आचका, मग क्षणभर काही नाही, मग पुन्हा आचका. मानेपासून शेपटीपर्यंत लाट जावी तसे स्नायू आवळत आणि सुटत होते. उचकी लागलेल्या माणसासारखं. गारठून मरणारं वासरू तिनं असंच पाहिलं होतं.

"माया! उठ व! चालली हे!"

महामाया चादर गुंडाळूनच धावत आली. दोघी जाळी काढून वाकल्या. सिंधूताईला वाटलं, आपण तिला अंड्यांपायी मारलं. निदान अंगावर काही पांघरावं म्हणून तिनं गोणपाट उचललं, आणि ते टाकताना तिचा हात मादीच्या पाठीवर पडला.

तिनं तो उचलला नाही.

"आई? काय झालं?"

सिंधूताईनं दुसराही हात टेकवला. मग हळूच, अगदी सावकाश, दोन वेढ्यांच्या मधल्या खाचेत बोटं सरकवली. ती चावली असती तर हात फाटला असता. तिला त्याचं भानच नव्हतं.

"गरम हाय," ती म्हणाली.

"काय?"

"गरम हाय, माया. कोंबडीच्या पोटाखाली असते न, तसं."

महामायानं थर्मामीटर आणलं, ते वायरच्या टोकाला सळई असलेलं. आधी खोलीत धरलं. तेवीस. मग सळई वेढ्यांच्या आत, अंड्यांच्या अंगाला लावली. आकडा चढू लागला. चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस. एकोणतीस. तीस. साडेतीसवर आकडा थांबला, आणि तिथंच राहिला.

"बिघडलं असनं," महामाया म्हणाली. सळई बाहेर काढली, तेवीस. पुन्हा आत, साडेतीस.

खोलीत शेगडी नव्हती, दिवा नव्हता, गरम पाणी नव्हतं. बाहेर गारांचा खच होता. आणि ह्या थंड रक्ताच्या, जखमी, किती दिवसांच्या उपाशी जनावरानं आपल्या अंगातूनच सात-साडेसात डिग्री ऊब काढली होती. ती थंडीनं थरथरत नव्हती. थरथरून ऊब करत होती.

सिंधूताई पेटीशेजारी जमिनीवर बसली. स्वतःच्या मनगटाची नाडी धरून तिनं आचके मोजले; नाडीच्या अडीच-तीन ठोक्यांना एक, मिनिटाला तीसच्या आसपास. एवढ्या वेळात एकही चुकला नाही. रात्रभर हेच चालू असणार. ह्या दोघी शेजारच्या खोलीत रजईखाली झोपल्या होत्या तेव्हाही.

त्यांच्या विहारात दर्शनी भिंतीवर एक चित्र होतं : ध्यानाला बसलेले तथागत, वर फणा धरलेला नाग, आणि अंगाभोवती त्याचे वेढे. लहानपणापासून सिंधूताई ते पाहत आली होती. फणा पावसासाठी, हे तिला माहीत होतं. वेढे कशासाठी, असा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता. भंतेजी सांगायचे, सात दिवस पाऊस आणि गार वारा होता. गार वारा. ती पुटपुटली, "माय व."

महामायाच्या डोळ्यांत पाणी होतं. "मले शिकवलंच नाई हे," ती म्हणाली.

"कोणाले माहीत असनं तर शिकवतीन."

कडूबा आला, त्यानंही हात लावून पाहिला. मग दोन पावलं मागं सरकून त्यानं डोक्यावरची टोपी काढली. त्याला कोणी तसं करायला सांगितलं नव्हतं.

*

तिसऱ्या दिवशी बाभळी हटवल्यावर डॉक्टर सुवर्णा मोटारसायकलवर मागं बसून आल्या. आधी रागावल्या. मग पेटीत वाकल्या, आणि राग राहिला नाही.

"हे मी वाचलं होतं," त्या म्हणाल्या, "फार वर्षांपूर्वी, परीक्षेपुरतं. सापांत फक्त अजगराच्या काही जातींनाच जमतं. पण सिंधूताई, बघितलं नव्हतं कधी. आणि जखमी मादी हे करील असं तर वाटलंच नव्हतं."

"किती दिवस करनं असं?"

"गार असेल तितके दिवस. अंडी फुटायला दोन महिने. तोवर ती खात नाही."

सिंधूताईनं मादीकडे पाहिलं. आल्या दिवशी ती साडेतेरा किलो भरली होती. दोन महिने उपाशी, आणि वर ही मेहनत.

चौथ्या दिवशी वीज आली. महामाया म्हणाली, "आता पट्टा लावाचा का? का तिलेच करू देवाचं?" चौकीतच मुक्कामाला राहिलेल्या डॉक्टरांनी निर्णय सिंधूताईवर सोडला. बल्बानं पोळलेली सिंधूताई ह्या वेळी घाई करणार नव्हती. तिनं पट्टा पेटीच्या एकाच भिंतीला, बाहेरून, सगळ्यांत मंद बटणावर लावला आणि नाडी धरून बसली. अर्ध्या तासानं आचके मिनिटाला वीसवर आले. तासाभरानं बारावर. तिनं सळई आत सरकवली : एकतीस. पट्टा बंद केला. हळूहळू बारा, अठरा, पंचवीस. आत एकतीसच.

"डॉक्टरीणबाई," ती म्हणाली, "हे मोजून थरथरते. जेवढं कमी पडते तेवढंच भरते."

मग ठरलं. पेटीच्या फटी कापसानं बुजवायच्या, पहाटेच्या गारठ्यात पट्टा मंद लावायचा, म्हणजे तिचं अंग कमी झिजेल. उरलेलं काम तिचं. किती पट्टा आणि किती ती, हे सिंधूताई आचके मोजून ठरवायची. भिंतीवरच्या कागदावर महामाया आकडे लिहायची. चार दिवसांसाठी आलेली सिंधूताई महिनाभर राहिली, मग एक दिवसाआड येत राहिली. पुंजाजी शेड सांभाळायचा आणि फोनवर विचारायचा, "कशी हाय तुही बाळंतीण?"

एप्रिलमध्ये ऊन तापलं तशी मादी पुन्हा बदलली. आता थरथर नव्हती. दुपारी ती वेढे सैल सोडायची, मधे हवेला वाट ठेवायची. पहाटे पुन्हा आवळून घ्यायची. एका सकाळी त्यांनी पेटीचं झाकण उघडं ठेवलं, तर ती बाहेर आली, दाराशी पडलेल्या उन्हाच्या चौकोनात तासभर लोळली, आणि अंग तापवून परत अंड्यांवर जाऊन बसली. कडूबा दारात उभा होता. तो भिंतीला चिकटून राहिला आणि तिला वाट दिली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी आठच्या सुमाराला, वरच्या एका अंड्याला चीर पडलेली दिसली. फुलीच्या बरोबर शेजारी. चिरेतून बोटाच्या पेराएवढं नाक बाहेर आलं, जीभ काढली, आणि पुन्हा आत गेलं. बाहेरचं जग बघून विचार करायला गेल्यासारखं. संध्याकाळपर्यंत सहा नाकं बाहेर होती. ती दिवसभर तशीच होती, निम्मी आत, निम्मी बाहेर. कोणाला कसलीही घाई नव्हती. दुसऱ्या दिवशी पहिलं पिल्लू सगळं बाहेर आलं, हातभर लांब, आईसारखेच ठिपके, पण नवे, धुतलेले. ते आईच्या पाठीवरून चढून पलीकडे उतरलं. तिनं डोकंही हलवलं नाही.

बाविसांतून एकोणीस पिल्लं निघाली. तीन आतच राहिली; डॉक्टरांनी ती अंडी नंतर उघडून पाहिली आणि बंद केली. वाळून गेलेल्या त्या दोन अंड्यांचा विषय सिंधूताईनं स्वतः काढला, एकदाच.

शेवटचं पिल्लू निघाल्यावर मादी पेटीतून उतरली आणि खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली. पेटीकडे तिनं पुन्हा पाहिलं नाही. ताडपत्रीवर तोलली तेव्हा ती साडेनऊ किलो भरली. पाठीवर टाक्यांची पांढरी रेघ तेवढी उरली होती. तिला खायला दिलं. पहिल्यांदा तिनं घेतलं नाही, दुसऱ्यांदा घेतलं. आठवड्यानं पुन्हा. डॉक्टर म्हणाल्या, आता झालं.

*

ज्ञानगंगा अभयारण्यात, नाल्याच्या कडेला, मोठ्या खडकांखाली साळिंदरांची जुनी बिळं होती. पिल्लं आधीच, निरनिराळ्या जागी, सोडून झाली होती. जूनच्या सुरुवातीला, ऊन चढायच्या आत, मादीची गोणी घेऊन ते चौघं तिथं पोहोचले. पुंजाजीही आला होता; त्याला बघायचं होतं म्हणाला.

महामायानं गोणीचं तोंड सोडलं. मादी बाहेर आली, जीभ काढत, तोंड एकदा नाल्याकडे, एकदा खडकाकडे. मग खडकाकडे निघाली. पुंजाजीच्या पायापासून हातभर अंतरावरून ती गेली. त्यानं पाय हलवला नाही.

"लय मोठी हाय व," तो म्हणाला.

सिंधूताई वाकली. तिला एकदा हात लावायचा होता, म्हणजे निरोपाचा. पण तिनं हात मधेच धरून ठेवला. बिळाच्या तोंडाशी मादी थांबली, अर्धी उजेडात, अर्धी आत. सिंधूताईला वाटलं, आता ही मागं पाहील. तिनं पाहिलं नाही. अंगाचा एकेक हात शांतपणे आत जात राहिला, ठिपके एकामागून एक अंधारात विझत गेले, आणि सगळ्यात शेवटी शेपटीचं बारीक टोक.

"आई," महामाया म्हणाली, "हे तिले कोणी शिकवलं असनं?"

सिंधूताई बिळाकडे बघत होती. आत, दगडाच्या पोटात, कुठं तरी ती आता वेढा घालून बसत असेल.

"मले इचारून राह्यली का?" ती म्हणाली. "मले तर काईच माहीत नाई, माया."

आणि हे बोलताना ती हसत होती. पुंजाजी पुढं चालू लागला, मग कडूबा, मग महामाया. सिंधूताई आणखी थोडा वेळ तिथंच उभी राहिली.